बाराव्या मिनिटाची वाट

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात फेरेटला, म्हणजे मुंगसासारख्या लांबट पाळीव प्राण्याला, लस दिली की मालकाला अर्धा तास बसवून ठेवतो, कारण काहींना लस बाधते. सगळेच कुरकुरतात. ड्वेन कोवाल्चिक मात्र त्याच्या फेरेटला, पिकलला, मांडीवर घेऊन निमूट बसला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. बावीस वर्षं नर्स आहे मी.

"मागच्या वर्षी लसीनंतर काही त्रास झाला होता का हिला?"

"छे. ठणठणीत होती."

मग हिच्या पिंजऱ्यात मऊ गादीऐवजी वर्तमानपत्रं का? मांडीवर टॉवेल कशाला? रविवारच्या फेरेट-प्रदर्शनात लसीच्या दाखल्याशिवाय आत घेत नाहीत, हेही मला ठाऊक होतं.

मी गुपचूप उताऱ्याचं इंजेक्शन भरून ठेवलं. ड्वेनची नजर भिंतीवरच्या घड्याळावरून हलत नव्हती.

"कितव्या मिनिटाला?" मी विचारलं.

"काय कितव्या?"

"थापा नंतर मारा. मागच्या वेळी कितव्या मिनिटाला उलटी झाली?"

त्याने मान खाली घातली. "बाराव्या."

तेवढ्यात पिकल टॉवेलवर ओकली. मी तिला उचलून आत धावले, तर मागून त्याचा आवाज आला, "दाखला तर मिळेल ना?"