नीलम्मा मॅडमचं विद्यापीठ

विज्ञान विद्यापीठाच्या वर्धापनदिनासाठी चित्रफीत करायचं काम अक्षराच्या गळ्यात पडलं. भूशास्त्र विभागात ती नवीनच लागलेली, नाही म्हणायची सोय नव्हती. सुरुवात कुणापासून करायची, यात मात्र वाद नव्हता. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये हे विद्यापीठ उभं राहिलं, तेव्हा भूशास्त्राचा पहिला तास नीलम्मा मॅडमनी घेतला होता. निवृत्तीनंतर त्या औशाला राहत होत्या.

अक्षरा कॅमेरा घेऊन पोचली, तर मॅडम चपला घालून दारातच उभ्या.

"विद्यापीठ काय माझ्या घरात वाढलंय व्हय? चल, गाडी काढ."

वाटेत त्या बोलत राहिल्या. निम्म्या पोरांच्या घरचं कुणी ना कुणी ढिगाऱ्याखाली गेलेलं. "त्यांना भूगर्भ शिकवायचा म्हणजे लई जड काम. एका पोरीनं विचारलं, मॅडम, हे आधी कळलं असतं का? मी न्हाई म्हणाले. ती रडली, पण दुसऱ्या दिवशी पुढच्या रांगेत येऊन बसली."

कॅमेरा बंदच राहिल्याची अक्षराला चुटपुट लागली.

मॅडम पूर्वी पोरांना खडक दाखवायला आणायच्या त्या आडवाटेच्या गावात दोघी उतरल्या, तर पारावर माणसं गोळा झालेली. आठवडाभर जमिनीतून गडगड ऐकू येत होती. त्या काळी पोरांना पाणी पाजणाऱ्या भामाबाईनं मॅडमना ओळखलं.

"अक्का, बरं झालं आलात. अमावस्येला मोठा भूकंप होणार म्हणायलेत लोक. खरं हाय का?"

"भूकंप कधी होईल हे कुणालाच सांगता येत न्हाई, भामा. तारीख सांगणारा थापा मारतोय."

"मग भ्यावं का न्हाई?"

"आधी तुझं घर दाखव."

भामाबाईची खाट जुन्या दगडी भिंतीला लागून होती. भिंत मधेच फुगलेली, वर सुटे दगड रचलेले. "गडगडीचं मला न्हाई सांगता येणार, पण या भिंतीचं येतं," मॅडम म्हणाल्या. "खाट पत्र्याच्या खोलीत हलव. दगड आजच उतरव."

माणसं दगड उतरवायला लागली, तशी अक्षरानं विभागात फोन लावला. फिरतं भूकंपमापक यंत्र घेऊन या, म्हणाली. दुपारी गाडी आली. धम्मानंद नावाच्या विद्यार्थ्यानं शाळेच्या कोपऱ्यात यंत्र बसवलं आणि पडद्यावरची रेघ सगळ्यांना दाखवली. भामाबाईनं पाय आपटला. रेघ उडाली. बायका हसल्या. मग एकेकीनं आपटून पाहिलं.

"असं कराल तर पोराला काय कळंल?" मॅडम दटावत होत्या, पण त्याही हसत होत्या.

पुढच्या दिवसांत यंत्रानं बारीक धक्के टिपले. धम्मानंद दर आठवड्याला येऊन ते पारावर समजावून सांगायचा. भीती संपली नाही, पण अमावस्येला गाव सोडून कुणी गेलं नाही. हळूहळू गडगडही कमी झाली.

चित्रफितीत इमारती फारशा आल्याच नाहीत. पारावरची बैठक होती, दगड उतरवणारी माणसं होती. कुलसचिवांनी ती दोनदा पाहिली.

"आपली नवी प्रयोगशाळा कुठं आहे यात?"

"शाळेच्या कोपऱ्यात, सर," अक्षरा म्हणाली.

त्यांनी चित्रफीत तशीच दाखवायला सांगितली. वर्धापनदिनाला भामाबाई गावच्या बायकांना घेऊन आली आणि नीलम्मा मॅडमच्या शेजारी, पहिल्या रांगेत बसली.