बक्कल नंबर १३८२

ब्रासोची डबी, अर्धी संपलेली.

एका माणसाचा डावा हात तीस वर्षं खांद्याच्या वर गेला नाही.

काळा ग्रॅनाइट, तीन बाय दोन फूट. अक्षरं सोनेरी.

दफनभूमीच्या तीन बाजूंना कंपनीची भिंत. चौथ्या बाजूला कंपनीचंच पार्किंग.

"नाव लिव," चतुराबाई म्हणाली. "पोलीस लिवू नको."

साक्षीने मोबाइल पुढे धरला होता. आजोबांच्या दगडावर कोरायचा मजकूर त्यात होता: खंडूचं नाव, खाली 'पोलीस हवालदार, चौतीस वर्षं सेवा', त्याखाली पट्ट्याच्या बकलावरचा 'बक्कल नंबर १३८२'. पहिला स्मृतिदिन पंधरा दिवसांवर आला होता. चतुराबाई भावकीत सगळ्यात म्हातारी. ती नाही म्हणाली की दफनभूमीत वीटसुद्धा लागत नसे.

साक्षीने सांगून पाहिलं. वस्तीतून खात्यात गेलेले आजोबा पहिले. ते होते म्हणून आपली माणसं चौकीत खुर्चीवर बसायला लागली. चतुराबाईने सगळं ऐकून घेतलं आणि मग आपलं सांगितलं, तेही आवाज न चढवता. कंपनीसाठी जमिनीची मोजणी आली, माणसं शेतात आडवी झाली, बंदोबस्ताला खंडू होता. डाव्या खांद्यावर काठी कुणाची लागली ते तिच्या नवऱ्याने मरेपर्यंत सांगितलं नाही. फक्त खंडूच्या घरचं पाणी प्यायचं सोडलं.

"आजी, ते ड्युटीवर होते."

"व्हय. आन आमी शेतावर व्हतो."

साक्षी उठली, तेव्हा ती पुन्हा बोलली. "मातीत आमचा खंडूदादा निजलाय, पोरी. हवालदाराला न्हाई जागा दिली आमी."

निघोज्याच्या दगडवाल्याने विचारलं, मधली ओळ काढली तर दगड रिकामा दिसेल, कमळ कोरू का. साक्षी म्हणाली, कमळ नको. नंबर राहू दे. 'बक्कल नंबर' काढा, नुसता आकडा ठेवा. गाडी चालू करताना तिला हरल्यासारखं वाटलं आणि चोरी केल्यासारखंही.

स्मृतिदिनाला चुलतभाऊ बुद्धरत्नने कंपनीतल्या आपल्या शिफ्टमधले चार जण आणून दगड बसवला. त्रिशरण झालं. मेणबत्त्या वाऱ्यात टिकेनात. चतुराबाई काठी टेकत पुढे आली. तिला अक्षरं येत नसत. आकडे येत, तलाठ्याच्या दारात बसून बसून शिकलेले. तिने एकेका आकड्यावर बोट फिरवलं.

"गट नंबर टाकलास व्हय?"

बुद्धरत्नने साक्षीकडे पाहिलं. लहानपणी आजोबांचं ते बक्कल ब्रासो लावून त्यानेच घासलेलं, आकडा त्याला पाठ होता.

"बरं केलंस," चतुराबाई म्हणाली. "त्याचीबी गेलीच की जमीन. कितीचा गट, मी इसरले व्हते." तिने पदराने दगड पुसला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग बायांकडे वळून म्हणाली, आमच्या मालकाच्या मातीवरबी आसाच नंबर पायजे.

साक्षीने तोंड उघडलं.

"हो आजी," ती म्हणाली. "करून देते."

खंडूच्या शेताचा गट नंबर ४१७ होता. मोजणीचा पहिला खुंट त्याच शेतात ठोकला गेला, तेव्हा कुणी आत येऊ नये म्हणून तो स्वतः वर्दीत बांधावर उभा होता.