कुलपात अडकलेला पाय

मी आता जे सांगणार आहे ते कुणालाही खरं वाटणार नाही. माझ्या सख्ख्या बायकोला वाटलं नाही, आणि तिनं तर माझ्याशी लग्न करण्याइतका माझ्यावर विश्वास टाकला होता. तुम्हीही ठेवू नका. पण आत नंबर लागेपर्यंत ह्या बाकावर बसायचंच आहे, समोरच्या टीव्हीला आवाज नाही, तेव्हा ऐकून घ्या.

ह्याच कृत्रिम पायांच्या कारखान्यात मी साइट सांभाळायचो. हे शेजारी बसलेले शिंपीबुवा हसताहेत. त्यांना वाटतं साइट म्हणजे विटा आणि वाळू. तशी नव्हे हो. आमची सगळी मापं, नकाशे, कोण रजेवर आहे, कुणाचा पाय कुठवर आला, हे सगळं एका भाड्याच्या जागेत ठेवलेलं असायचं. ती जागा म्हणजे दूरच्या एका कंपनीचे सर्व्हर. महिन्याचं माणशी भाडं भरायचं आणि आपापल्या टेबलावरून सगळ्यांनी मिळून तिथे काम करायचं. भाड्याच्या घरात राहिलेल्यांना कळेल: संसार आपला, पण खिळा ठोकायचा तर घरमालकाला विचारा.

मी त्या जागेचा रखवालदार. कुणाचं पान उघडलं नाही की मला हाक. मी जाऊन आधी शेजारच्याच्या मशीनवर तेच पान उघडायचो. तिथे उघडलं तर रोग आपल्या घरात, नाही उघडलं तर रोग त्यांच्या घरात. जुनंच पान दिसतंय म्हणून कुणी ओरडलं तर ब्राउझरनं साठवून ठेवलेलं सगळं पुसायचं आणि पुन्हा उघडायचं. निम्मी दुखणी एवढ्यावर जायची. उरलेल्यांपैकी बरीच पानं कुणीतरी कचरापेटीत टाकलेली सापडायची. कचरापेटीच्या मागे आणखी एक कचरापेटी असते, हे लोकांना ठाऊक नसतं. एकदा आमचा मॅनेजर स्वतःच्या बढतीचा कागद तिथून काढून घेऊन गेला आणि मला वाकून नमस्कार करून गेला.

“मॅनेजर? तुम्हाला?” शिंपीबुवा विचारतात.

वाकला होता. बुटाची लेस बांधायला असेल, पण वाकला होता.

तर आता घार. घार म्हणजे बंदरातला क्रेनवाला. उभी हयात वर काचेच्या खोलीत बसून काढली म्हणून सगळे त्याला घार म्हणत. एके दिवशी साखळी तुटली आणि ह्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो पायाबद्दल नव्हे. माझ्या क्रेनवर कोण बसलंय, असं विचारलं. जमिनीवर एक पाय, लक्ष सगळं आकाशात. बंदराच्या लोकांनी त्याला मुदत दिली होती. महिनाअखेरच्या सोमवारी सुरक्षा अधिकाऱ्यासमोर शिडी चढून दाखव, क्रेन तुझी. नाही चढलास तर क्रेन दुसऱ्याची, आणि तू गोदामात खोकी मोजायला बस. घार म्हणाला, खोकी मोजण्यापेक्षा मला खोक्यातच घाला.

त्याचं माप टेपनं घेतलं. टेप हा आमचा मापाचा माणूस. हातात यंत्र धरून पायाभोवती फिरवायचा आणि सगळा आकार फाइलमध्ये उतरायचा. ती फाइल साइटवर चढली की शेजारच्या खोलीतलं कोरायचं मशीन ती उचलायचं आणि ठोकळ्यातून पाय काढायचं. टेपसारखा माप घेणारा शोधून सापडणार नाही. पण त्याला एक खोड होती. मागे कधीतरी कुणी शहाण्यानं त्याच्या मापातला आकडा गोळाबेरीज करून गोल केला होता, आणि एक बिचारा गवंडी वर्षभर बोट डोलावी तसा डोलत चालला. तेव्हापासून टेप आधी रोग्याच्या नावाची कोरी फाइल साइटवर ठेवायचा, तिला स्वतःच्या नावानं कुलूप लावायचा, आणि मग आत माप भरायचा. कुलूप असेपर्यंत आत काय आहे ते फक्त त्याला दिसणार. बाकीच्यांना दिसणार ती कोरी. सगळं तपासून झालं की तो कुलूप काढायचा आणि मग ते माप जगाचं व्हायचं.

घारीचं माप भरलं, तपासलं, आणि टेप कुलूप न काढता मापं घ्यायच्या शिबिराला निघून गेला. दूर डोंगरात, यंत्र काखोटीला मारून. तिथे फोन लागत नाही. पत्र पाठवलं, तर ते त्याच्या मागे मागे गावोगाव फिरत राहिलं. पत्र पोचावं तर टेप कालच पुढे गेलेला. म्हणून सांगतो, बाहेरगावी जाणाऱ्याच्या हातातून आधी फाइली सोडवून घ्याव्यात आणि मग त्याला हात हलवून निरोप द्यावा. आम्ही नुसता हात हलवला.

कोरायच्या मशीनला काय कळणार? त्यानं घारीच्या नावाची फाइल उचलली. आत माप शून्य. मशीन इमानदार. त्यानं ठोकळा सोलायला सुरुवात केली आणि शून्य होईपर्यंत सोललं. सकाळी खोलीचं दार उघडेना, एवढा भुसा. फावड्यानं काढला. कारागीर म्हणाला, घ्या, हा तुमच्या क्रेनवाल्याचा पाय, पोत्यात भरून देऊ का?

कुलूप मी काढलं असतं हो. पण मला तिथला केर काढायची परवानगी होती, कुलूप फोडायची नव्हती. ती फक्त साइटच्या मालकाला. आणि मालक म्हणून नाव होतं एकच, आमच्या जुन्या साहेबांचं. ते निवृत्त झाले त्याच दिवशी नव्या साहेबांनी एका माणसाचं भाडं वाचवायचं म्हणून त्यांचं खातं बंद करून टाकलं. निरोपाचा चहा पीत पीत. कप खाली ठेवेपर्यंत साइट अनाथ झाली होती आणि कुणाच्या बापाला पत्ता नव्हता. शिंपीबुवा, तुमच्या मुलाच्या ऑफिसात असलं काही असेल तर त्याला सांगा: साइटला मालक नेहमी दोन असावेत, आणि दोघांचं आपसात पटू नये, म्हणजे ते एकदम सोडून जात नाहीत. आणि परवानग्या माणसाला देऊ नयेत, गटाला द्याव्यात. माणूस जातो, गट राहतो.

मी कुलपावर बोट ठेवलं की पडद्यावर एक गरीब बिचारी चौकट यायची: तुम्हाला परवानगी नाही, परवानगी मागायची आहे का? मागायची आहे म्हटलं की माझी विनंती मालकाकडे जायची. म्हणजे बंद झालेल्या खात्याकडे. मी दिवसभर मागत होतो. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. इथे तर बाप भीक मागू देत होता, पण वाडग्यालाच बूड नव्हतं. माझ्या विनंत्या तिकडे साचून साचून शेवटी पडदा मधोमध फुगला. मी वर उशी दाबून धरली.

मग भाड्यानं जागा देणाऱ्या कंपनीला फोन. आधी गाणं. ते गाणं इतका वेळ चाललं की आमच्या स्वागतिका बाईंनी त्यावर एक स्वेटर विणून संपवला, आणि तो माझ्या मापाचा झाला, कारण समोर मीच बसलो होतो. शेवटी एक मुलगी आली, आवाज मधासारखा. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, मालकांना आम्हाला फोन करायला सांगा. म्हटलं, मालकांचं खातं बंद आहे. म्हणाली, मग मालकांनी ते चालू करायची विनंती त्यांच्या खात्यातून पाठवावी. मी म्हटलं, पोरी, मेलेल्या माणसाला स्वतःच्या मयताला बोलावतेस होय? ती म्हणाली, तुमची अडचण मला समजते, नवीन मालक नेमायचा अर्ज करा, छाननी होईल. छाननीला लागणारे दिवस तिनं सांगितले. सोमवार त्यांच्या आत येत होता. तिला बिचारीला तरी काय बोलणार? तिच्या हातातही केरसुणीच असणार.

जुन्या साहेबांच्या घरी गेलो. ते बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते. हात पुसून लगेच बसले. पासवर्ड त्यांच्या बोटांना अजून पाठ होता. टाइप केला. साइट म्हणाली, ह्या नावाचं इथे कुणी नाही. त्यांनी पुन्हा केला, एकेक अक्षर दाबून. तेच उत्तर. ती जागा त्यांनी स्वतः उभारली होती, पहिल्या पानावरचा कारखान्याचा फोटोसुद्धा त्यांनीच काढलेला. चष्मा काढून ते म्हणाले, “मी इथे नाही म्हणतात.” मग मला चहा विचारला. मी नको म्हटलं.

नवे साहेब वाईट नव्हते. त्यांनी अर्ज भरला, सही केली, प्रक्रिया चालू आहे असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. मी म्हटलं, साहेब, जुन्या पद्धतीनं प्लास्टर लावून माप घेऊ. तर प्लास्टरच्या बादल्या यंत्र आलं त्याच महिन्यात भंगारात गेलेल्या.

आणि घार रोज फोन करायचा. दुपारच्या जेवणानंतर. चिडायचा नाही, हीच पंचाईत. चिडला असता तर मीही चिडलो असतो आणि दोघांचं मन हलकं झालं असतं.

“काका, माझं नाव दिसतंय ना साइटवर?”

“दिसतंय रे.”

“आणि माप आत आहे?”

“आत आहे.”

“मग झालं तर,” असं म्हणून फोन ठेवायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

घरी जेवताना घास फिरायला लागला तेव्हा आमच्या मंडळींनी मला फैलावर घेतलं. कपाटाची किल्ली हरवली तर हातोडी घेऊन धावता, आणि तिथे काय हाताला मेंदी लावली आहे का, म्हणाली. मी म्हटलं, अगं ते कपाट नव्हे. ती म्हणाली, कुठेतरी ठेवलेलंच असेल ना? हवेत तर नाही ठेवलं?

तिथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हवेत नाहीच ठेवलेलं. कुठेतरी इमारत असणार, तिला दार असणार. मी हातोडी पिशवीत घातली आणि निघालो. गाडी बदलली, पुन्हा बदलली, शेवटी चालत. इमारत सापडली. खिडकी नाही, पाटी नाही, नुसता गार वारा बाहेर येतोय. दारावरच्या माणसाला सांगितलं, केर काढायला आलोय. खोटं नव्हतं. त्यानं आत सोडलं.

“असं कुणी आत सोडतं होय?” शिंपीबुवा म्हणतात. “आमच्या बँकेत पेन आणायला सोडत नाहीत.”

तुमच्या बँकेत पेन चोरीला जातात. तिथे काय चोरणार, शिंपीबुवा, सगळं कुलपात. आत कपाटांच्या रांगाच रांगा. प्रत्येकात हिरवे दिवे लुकलुकताहेत आणि सगळी मिळून गुणगुणताहेत. थंडी अशी की माझा नवा स्वेटर कुडकुडायला लागला. मी कान लावत लावत गेलो. हे कपाट कुणाच्या तरी पगाराचं, त्यात रडारड. हे एखाद्या शाळेचं, त्यात गोंधळ. आणि एका कपाटाला कान लावला तर आत भुशाचा वास. ओळखलं. हातोडी लागलीच नाही. मागच्या फटीतून हात घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. पान सरकलं, फोटो सरकला, माझ्या विनंत्यांचा ढीग हाताला लागला. त्याच्या खाली घारीचं माप. कोमट होतं. अंडं काढतात तसं अलगद बाहेर काढलं आणि स्वेटरच्या आत धरून आणलं.

मशीनला भरवलं. मशीननं ह्या खेपेला वास घेऊन पाहिला, मग कोरलं. सोमवारी पाय तयार. कडेवर मूल घ्यावं तसा घेतला आणि बंदराच्या गेटवर पोचलो. सुरक्षा अधिकारी घड्याळ बघत उभा. घारीनं पाय चढवला, पट्टा आवळला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि शिडीला हात घातला. अर्ध्यावर वारा सुटला. खाली सगळ्यांचे श्वास थांबले. तो थांबला नाही. वर काचेच्या खोलीत जाऊन बसला आणि तिथून त्यानं मला हात केला, असा, आणि...

शिंपीबुवा टाळी द्यायला हात पुढे करतात. त्यांच्या पलीकडची बाई आपली पिशवी मांडीवरून खाली ठेवते.

“आजोबा,” ती म्हणते, “तो माझा भाऊ. त्या सोमवारी त्यानं शिडीला बोटसुद्धा लावलं नाही. त्याच्या कुबड्या धरून मी शेजारी उभी होते. तुम्ही आला होतात, तेवढं खरं. गेटपाशी उभे होतात. तुमच्या हातात काही नव्हतं.”