मराठीचं कलम

दीनानाथ गोतमारे एकदा धरलं की सोडणारे नव्हेत. भिलाईच्या स्टील प्लांटच्या ऑफिसात बाबूगिरी करता करता केस पिकले, पत्नी शीलाबाई गेल्या, आणि जवळच्याच पद्मनाभपुरच्या घरात सून-नातवंडांची हिंदी सुरू झाली. आता पोटभर मराठी बोलायला एकच जागा उरली होती, भिलाईचं मराठी मंडळ. महिन्याची सभा असली की म्हातारा सकाळपासून खुशीत!

त्या दिवशी मात्र सचिव वैभवीनं ठराव मांडला, की मंडळाच्या घटनेतलं 'कामकाज मराठीतच होईल' हे कलम काढून टाकावं.

"काका, नव्या पोरांले काहीच समजत नाही. आना ही छोड़ दिया सबने."

भराभर हात वर झाले. दोन-तृतीयांशाच्या वरच भरले. पण ठराव वैध की अवैध हे सांगायचा हक्क अध्यक्षाचा, आणि अध्यक्ष होते दीनानाथ. झालं, त्यांच्या अंगात न्यायमूर्तीच संचारले.

"हे पाहा, संसदेले घटना बदलता येते, पण तिची मूळ चौकट मोडता येत नाही. सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलं आहे. वर्गणी बदला, मुदत बदला, मले बदला! पण मराठीच काढली त मंडळात उरते काय? समोसे?"

"आणि लोकंच नाही उरले तर, काका?" वैभवीनं हळूच विचारलं.

"ठराव अवैध."

कोणी हुज्जत घातली नाही. वैभवी तर जाताना पाया पडली. दीनानाथ छाती फुगवून घरी आले. जिंकलो, हे कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा, बाबूजी. खाना लगा दूँ?"

पुढच्या महिन्यात ते वेळेआधीच जाऊन अध्यक्षांच्या खुर्चीत बसले. सभेची वेळ झाली, टळली. कोणी फिरकलं नाही. वैभवीसुद्धा नाही. आधी राग आला, मग भीती वाटली, आणि मग फार एकटं वाटलं. पण आपला निकाल चुकला असं काही केल्या त्यांना वाटेना.

मंडळाचा चौकीदार गुलाब, इथलाच छत्तीसगढी माणूस, दारातून डोकावला. "कोनो नइ आइन, बाबूजी. ताला लगा दँव?"

मग अध्यक्षांनी स्वतःच ते कलम मोडलं.

"गुलाब, दो मिनट बैठ जा ना मेरे पास."