कोपऱ्यातला रंग

“ती हिरवी ट्यूब दे जरा,” कॅनव्हासवरची नजर न काढता पेंटर म्हणाला. लंबूने लेबलं निघालेल्या ट्यूबांच्या खोक्यात हात घातला, थोडा घुटमळला आणि तपकिरी ट्यूब पुढे केली.

“चेष्टा पुरे.”

लंबूने दुसरी उचलली. ती लाल होती.

पेंटरने ब्रश खाली ठेवला. शाळेत एका बाकावर बसणारा हा मित्र ऐन तारुण्यात परदेशी गेला, तो आत्ता कुठे आठवडाभरासाठी आला होता. मधली सगळी मैत्री पत्रांवर चालली. पेंटर पुस्तकांची मुखपृष्ठं करायचा. एखाद्या रंगाशी घोडं अडलं की पत्राच्या कोपऱ्यात त्याचा बोटभर पट्टा ओढून लंबूला पाठवायचा. उत्तर यायचं, ‘हा पिवळा आजारी दिसतोय, थोडं ऊन दाखव त्याला.’ मग पेंटर निमूटपणे पिवळा बदलायचा. प्रकाशकाला थोपवून धरताना नाकी नऊ यायचे, पण लंबूच्या डोळ्यांइतका विश्वास त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरही नव्हता.

“तुला रंग दिसत नाहीत?”

“दिसतात की. फक्त लाल, हिरवा, तपकिरी, सगळी एका आईची लेकरं. लहानपणापासूनच.”

“मग पत्रात लिहायचास ते?”

“ते हिचं.” लंबू ट्यूबचं झाकण फिरवत राहिला. “तुझा कागद खिडकीशी न्यायची आणि बडबडत सुटायची. मी लिहून काढायचो.”

“मला सांगायला काय धाड भरली होती?”

“आधी लाज वाटली. पुढे वाटलं, आता सांगितलं तर तू लिहायचाच थांबशील. तिथं मला हक्काने शिव्या घालणारं दुसरं कोण होतं?”

वहिनी गेल्या वर्षी गेल्या. त्यानंतर लंबूच्या पत्रांत ‘रंग छान आहे’ एवढंच असायचं. लंबूला आता मैत्रीचा कंटाळा आलाय, असं पेंटरने परस्पर ठरवून टाकलं होतं आणि मनात अढी धरली होती.

लंबू परत गेला, तरी पेंटरच्या डोक्यातला गुंता सुटेना. मधूनच फसवलं गेल्याचा संताप यायचा, मधूनच हसू. जुनी मुखपृष्ठं जमिनीवर पसरून तो त्यांच्यात फतकल मारून बसला. हा निळा आपला की वहिनींचा, काही उमगेना.

“नक्की रागावलायत कुणावर?” बायकोने विचारलं.

“तेच कळत नाहीये. माझा मित्र नक्की कोण होता? त्या बाईंना मी कधी पाहिलंसुद्धा नाही. दोन शब्द लिहिले नाहीत कधी.”

“लिहायचात की. प्रत्येक पत्राच्या शेवटी, ‘वहिनींना नमस्कार’.”

“तेवढंच?”

“तेवढंच,” ती म्हणाली आणि पसारा ओलांडून आत गेली. पेंटरला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पत्र लिहायला बसला. सवयीने कोपऱ्यात पट्टा ओढला आणि हात थांबला. आता हा कोण बघणार? मग पट्ट्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘हा लाल आहे. दुपारी तापलेल्या विटेवर हात ठेवल्यासारखा. जास्त तापलाय का, ते कळव.’

पुढे इकडचं तिकडचं लिहून झालं. शेवटी पेन आपसूक चाललं, ‘वहिनींना नमस्कार’.

खोडायला म्हणून त्याने पेन त्या ओळीवर टेकवलं. मग उचललं, टोपण लावलं आणि रंग वाळायची वाट बघत बसला.