हापशातली चेटकीण

शाळेच्या पटांगणात लोटे मांडले होते. पितळेचे, जर्मनचे, कुणाचा नुसता भोपळ्याचा तुंबा. प्रत्येक घरानं आपलं पिण्याचं पाणी आणायचं, असा पाणीबाबाचा हुकूम होता, आणि सगळं पिपलपदर गाव चिखल तुडवत आलं होतं. एरवी पालकसभेला चार माणसं जमवताना माझ्या नाकी नऊ येत.

गेल्या पावसाळ्यात गावातली दोन पोरं हगवणीनं गेली होती. नदीवर पुलाचे खांब उभे आहेत, वर पूल नाही. पूर आला की आमच्या जिल्ह्याचा हा कोपरा तुटतो. डॉक्टर, औषध, रेशनचा ट्रक, सगळं पलीकडे राहतं. पोरं का गेली हे सांगायला कुणीच आलं नव्हतं. बाबा आला.

"पाणी खोटं बोलत नाही," बाबा सांगत होता. "माणूस बोलतो. पण पाण्याला मी शपथ घातली आहे. ज्या घरात पाप, त्या घरचं पाणी आपलं तोंड काळं करील." एवढी शपथ घालूनही तो स्वतः मात्र सीलबंद बाटलीतलं पाणी पीत होता.

तो एकेका लोट्यात चिमूटभर विभूती टाकत पुढे सरकला. पाणी जरासं पिवळं होई, घरचे लोक श्वास सोडत. मग डुमेरचा लोटा आला. पाणी आधी निळसर झालं, मग जांभळं, आणि बघता बघता शाईसारखं काळं. माणसं दोन पावलं मागे सरकली.

डुमेर गावाच्या टोकाला एकटी राहायची. नवरा तेलंगणात वीटभट्टीवर गेला तो परत आला नाही. सरकारी हापसा तिच्या अंगणात बसला, कारण बोअरच्या गाडीला त्यापुढे रस्ताच नव्हता.

"मी काय केलंय?" ती म्हणाली. "खालचा पाडा रोज माझ्या अंगणातलं पाणी नेतो. मी कधी कुणाला अडवलं?"

"ऐका," बाबा म्हणाला. "स्वतःच्या तोंडानं सांगते आहे की पाणी हीच पाजते."

खालच्या पाड्यात तिच्या शेजारची तीनच घरं, त्यांचंही पाणी काळं झालं. मी विचारलं, "बाबा, म्हणजे चेटकिणी चार?"

"मास्तर हिशेबाला पक्के आहेत. चेटकीण एक, बाकी तिची सावली." लोक हसले. ते हसणं मला बरं वाटलं नाही. नदीच्या वरच्या अंगाला, आमच्याच काठावरच्या एका गावात बाबा येऊन गेला, त्यानंतर तिथली एक म्हातारी डोहात सापडली होती.

"हापसा बंद करा," बाबानं जाताना सांगितलं. "मी मंगळवारी येतो. चेटकिणीचे मंत्र दातांत असतात. दात कसे पाडायचे हे तुमच्या बापजाद्यांना ठाऊक होतं."

मुखिया जयसिंगनं हापशाचा दांडा काढून आपल्या घरात ठेवला. बायकांनी भोवती बोरीचे काटे रचले. मी जयसिंगला आडवा गेलो, तर तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही नदीपलीकडचे. पोरं आमची मेलीत."

मी डुमेरला शाळेच्या कोठीत, खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांमागे ठेवलं. ती आपली पाण्याची घागर तेवढी घेऊन आली होती. संध्याकाळी मी त्याच पाण्याचा कोरा चहा टाकला. पत्ती पडताच पातेल्यात काळी शाई.

"घाबरू नका मास्तर," डुमेर म्हणाली. "हापशाच्या पाण्याचा चहा असाच होतो. भातही काळसर पडतो. म्हणून तर वरच्या पाड्याला ते पाणी नको असतं."

पाण्यात लोह होतं. चहाच्या तुरटपणाशी लोहाची गाठ पडली की काळा रंग धरतो. जुन्या काळी शाई अशीच करत. तुरट पदार्थ तर आमच्या जंगलात पायलीनं मिळतो, हिरडा. सकाळी मी हिरडा कुटून डुमेरच्या पाण्यात टाकला. काळं. वरचा पाडा पितो त्या विहिरीच्या पाण्यात टाकला. पिवळं. जयसिंगकडे धावत गेलो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंगळवारी बाबासमोर सांगा."

मंगळवारला अवकाश होता, पण विहीर तोवर थांबणार नव्हती. खालचा पाडाही आता त्याच विहिरीवर जाऊ लागला. तिला कठडा नाही. शेतातलं, गोठ्यातलं, उघड्यावर बसतात त्या माळावरचं सगळं पाणी पावसात तिच्यात उतरतं. मी घरोघर सांगत फिरलो, पाणी उकळून प्या. बायका ओली लाकडं दाखवत.

विहिरीच्या पाण्याची सवय नसलेल्या खालच्या पाड्यात उलट्या-जुलाब सुरू झाले. डुमेरच्या शेजारच्या वसुमतीची मुलगी झुनू पहिल्या दिवशी मला ओळखत होती. मीठ-साखरेचं पाणी पाजत राहिलो, ते पोटात ठरेना. सलाईन पलीकडे होतं आणि नावाडी पुरात नाव घालायला तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी झुनू गेली.

गावाला कारण आधीच मिळालेलं होतं. "चेटकीण चिडली," लोक म्हणू लागले. आता कुणी दातांबद्दल बोलत नव्हतं. कुऱ्हाडीबद्दल बोलत होते.

मंगळवारी बाबा आला तेव्हा अर्ध्या माणसांच्या हातांत लाठ्या होत्या. मी कोठीच्या दाराला पाठ लावून उभा राहिलो.

"डुमेर आत आहे," मी म्हणालो. "न्यायची तर न्या. आधी एकदा पाणी बघा. जयसिंगदादा, तुम्ही स्वतः विहिरीचं पाणी आणा, तुमच्याच लोट्यात."

त्यानं आणलं. मी ते दोन वाट्यांत ओतलं. एकीत सगळ्यांसमोर चमचाभर पाणी घातलं, पखाळाच्या, म्हणजे आंबवलेल्या भाताच्या पाण्यात रात्रभर गंजका विळा ठेवून केलेलं. "आता बाबांनी विभूती टाकावी."

बाबा म्हणाला, "मी नास्तिकाच्या भांड्याला हात लावत नाही."

"नका लावू. वसुमती, तू टाक."

वसुमती पुढे आली. रडून तिचे डोळे सुकले होते. तिनं बाबाच्या झोळीतून विभूती घेतली आणि दोन्ही वाट्यांत टाकली. एक पिवळी राहिली, एक काळी झाली.

"मुखियाच्या घरात चेटकीण आहे का?" मी विचारलं. "हे काळं विळ्याच्या लोखंडाचं आहे, हापशाच्या पाण्यातही जमिनीतलं तेच लोखंड आहे."

जयसिंगच्या आईनं बोटावर विभूती घेऊन जिभेला लावली आणि थुंकली. "हा तर हिरडा. जन्मभर वेचला मी. ह्या भुकटीपायी बाबाला कोंबडी दिली आपण?"

"मास्तरनं करणी केली आहे," बाबा म्हणाला, पण झोळी आवरता आवरता. जयसिंगनं त्याचा दंड धरला, तो पूर ओसरून ठाण्यात नेईपर्यंत सोडला नाही.

वसुमती तिथंच उभी होती. "म्हणजे काळं झालेलं पाणी चांगलं होतं?"

"हो. चवीला वाईट, पण रोगाचं नव्हतं."

"आणि आम्ही काटे लावले. म्हणजे माझी झुनू विहिरीनं नेली?"

मी हो म्हणालो. तिला दुसरं काही सांगणं हाही बुवाबाजीचाच प्रकार झाला असता.

हापशाचा दांडा बसला. काटे वसुमतीनं एकटीनं काढले, कुणाला हात लावू दिला नाही. डुमेर परत घरी राहायला गेली. तिला वाट देताना लोक खाली बघत होते.

मी हे ज्या ज्या गावात सांगतो, तिथं शेवटी एवढंच म्हणतो. पूल नाही, दवाखाना नाही, विहिरीला कठडा नाही, म्हणून आपली पोरं मरतात. हे मागायला जिल्ह्याच्या कचेरीत जावं लागतं, वर्षानुवर्षं भांडावं लागतं. बाबा ते सगळं पुसून एका बाईचं नाव देतो, आणि आपल्याला सोपं वाटतं. पाणी काळं झालं तर पाण्यात काय आहे ते विचारा. पाण्याजवळ कोण राहतं ते विचारू नका.