हंसाने जिंकलेली ढाल

मी एक फिरती ढाल बोलतेय. फिरती म्हणजे दर वर्षी नव्या विजेत्याच्या हाती जाणारी. आता मात्र मी कुठेच जात नाही. बोईसरजवळच्या एका शाळेच्या सामानखोलीत, फाटक्या नकाशांच्या मागे, तोंड भिंतीकडे करून पडले आहे. लढाईतली ढाल निदान वार तरी अडवते. माझाच वार म्हणून वापर झाला, आणि तोही मला गोड बोलून.

माझा जन्म पालघरच्या एका सुताराकडे झाला. शिसवी लाकूड, मधोमध पितळी पत्रा, भोवती विजेत्यांच्या नावांसाठी छोट्या पट्ट्या. सुताराने मला इतकं घासलं, की पॉलिश लावायच्या आधीच मला स्वतःचा गर्व वाटू लागला होता. माझ्यावर कोरलं होतं, ‘शालेय वादविवाद स्पर्धा’. पैसे बोईसरकडच्या एका कारखान्याने दिले होते. शाळेच्या समारंभात त्या कारखान्याचे नागोराव साहेब मला उंच धरून म्हणाले, “मुलांनी बोलायला शिकलं पाहिजे. निर्भीडपणे बोललं पाहिजे.” टाळ्या पडल्या. मला ते अगदी खरं वाटलं. नव्या वस्तूला सगळंच खरं वाटतं.

पहिली काही वर्षं मजेत गेली. ‘दूरदर्शन शाप की वरदान’, ‘परीक्षा हव्यात की नकोत’ असले विषय. मुलं घसा ताणून भांडत आणि मग एकाच डब्यातला खाऊ खात. वादविवाद घेणारे कमलाकांत सर मोठे शिस्तीचे. कुणी कुठल्या बाजूने बोलायचं हे ते चिठ्ठ्या टाकून ठरवत. “बाजू कुठलीही येवो, मांडता आली पाहिजे,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शाळेत ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. शाळेबाहेर कुणाला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

मग त्र्याण्णव साल आलं. पुष्पलता बाई भूगोल शिकवायच्या. त्यांनी वर्गात सांगितलं, की सगळी पृथ्वी तापते आहे. “धूर वर जातो आणि नाहीसा होतो असं आपल्याला वाटतं. तो जात नाही, बाळांनो. पृथ्वीने गोधडी पांघरावी तसा तो साचत राहतो. आता उन्हाळ्यात गोधडी घेऊन निजायचं म्हटल्यावर काय होईल?” मुलं हसली. मी मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवर होते, वर्ग पलीकडेच होता. गोधडीची गोष्ट मलाही पटली.

नुसतं ऐकून काय होतं, म्हणून बाईंनी मुलांना कारखाना बघायला नेलं. बस कारखान्याचीच. परत आल्यावर पोरांनी जी बडबड केली त्यावरून मला सगळं कळलं. नागोराव साहेबांनी बाग दाखवली, स्वच्छ पाण्याच्या हौदातले लाल मासे दाखवले, बटाटेवडे दिले, प्रत्येकाला पेन दिलं. हंसाने बॉयलरवरच्या एका कामगाराला विचारलं, धूर कुठे जातो? तो भला माणूस हसून म्हणाला, “ऊपर जाता है, बेटी. ऊपर बहुत जगह है.”

ही हंसा नववीतली. घिवलीच्या अलीकडच्या एका लहानशा किनारी गावची. बाप होडीवर, आई मंजुळा बोंबील वाळवून बाजारात विकणारी. हंसाच्या दप्तराला सुक्या मासळीचा वास येई आणि काही मुली नाक मुरडत. पण ती बोलायला उभी राहिली की त्याच मुली तोंडाचा आ करून ऐकत.

त्या वर्षी वादविवादाचा विषय होता, ‘पृथ्वी तापली तरी आपल्या भागाला नवे कारखाने हवेत’. हंसाला विरुद्ध बोलायचं होतं. तिच्याच गावच्या किनाऱ्यावर, बोंबील वाळवायच्या मांडवांना लागून, हा कारखाना दगडी कोळशावरचा नवा बॉयलर उभारायच्या बेतात होता. गावाने जागा द्यायची की नाही एवढंच ठरायचं होतं. आणि चिठ्ठी उघडली तर ‘बाजूने’!

हंसा रडकुंडीला आली. “सर, मला ही बाजू नको.”

“वकील काय स्वतःच्या मनातलं बोलतो?” सर म्हणाले. “तुला जे पटत नाही तेच पटवून दाखव. त्यातच कस आहे.”

हंसा हट्टाची. डोळे पुसून तयारीला लागली, आणि स्पर्धेच्या दिवशी असं बोलली, की मी टेबलावर थरारले. “माझ्या आईचे हात खारवून फाटलेत. मीही तेच हात घेऊन जन्मभर बसू? धूर वर जातो म्हणून घाबरता, मग आमची पोरं वर जायला नकोत? मी माझ्या गावाला सांगेन, धुराला भिऊ नका!” टाळ्या थांबेनात. हंसा बोलायला उभी राहिली तेवढ्यात मंजुळा बाजारातून तशीच आली होती, रिकामी टोपली मांडीवर घेऊन शेवटच्या रांगेत बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती ऐकत होती.

बक्षीस देताना नागोराव साहेबांच्या माणसाने टेपरेकॉर्डर बंद केला. शाळेत आठवण राहावी म्हणून भाषणं टेप करतो आहोत, असं त्यांनी सांगितलं होतं. कुणी वाईट कशाला मानेल?

मुख्याध्यापकांनी मला पुढच्या स्पर्धेपर्यंत हंसाच्या घरी राहू दिलं. मंजुळाने मला देव्हाऱ्याशेजारी टांगलं, हळदकुंकू लावलं. शेजारणी येऊन पितळेवर बोट फिरवत. इतका मान मला कुठल्याच कपाटात मिळाला नव्हता. रोज संध्याकाळी मंजुळा माझ्याकडे बघून हसे, आणि मी लखलखत राही.

पुढे ग्रामसभा ठरली. आदल्या दिवशी नागोराव साहेब घरी आले. चहा घेतला, म्हणाले, “ताई, उद्या ही ढाल घेऊन या. गावाला कळू दे तुमची मुलगी किती हुशार आहे.” मंजुळाने मला पदराने पुसून ठेवलं. नेमकं ग्रामसभेच्याच दिवशी शाळेतल्या मुलांना वाणगावच्या रोपवाटिकेत नेण्यासाठी कारखान्याची बस आली. झाडं धूर कसा शोषतात ते शिकायला हंसा पुष्पलता बाईंबरोबर पहाटेच निघून गेली. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. सहलच तर होती.

ग्रामसभेत मला टेबलावर मधोमध ठेवलं. शेजारी टेपरेकॉर्डर. म्हातारे धर्माजी उठले. “जागा द्येव नका. काळी भुकटी बोंबलावर बसंल. कोन घेल ती मासली?” माना हलल्या. त्यावर नागोराव साहेब शांतपणे म्हणाले, “मी काही सांगत नाही. तुमच्याच मुलीचं ऐका. तिने कारखाना आतून पाहिलाय.” आणि बटण दाबलं.

हंसाचा आवाज सगळ्या गावावर पसरला. माझ्या आईचे हात खारवून फाटलेत. धुराला भिऊ नका. विषय कुठला, चिठ्ठी कसली, काही नाही. नुसता आवाज. आणि खरेपणाचा दाखला म्हणून समोर मी!

धर्माजी गोंधळले. कमलाकांत सर पाहुण्यांच्या खुर्चीत बसले होते. त्यांनाच विचारलं, “सर, पोर खरंच असं मानतंय?”

एक वाक्य पुरलं असतं. ‘हा वादविवाद होता, बाजू चिठ्ठीने आली होती.’ एवढंच. सरांनी नागोराव साहेबांकडे पाहिलं. बस त्यांची, स्पर्धा त्यांची, मीही त्यांचीच. “भाषण उत्तम होतं,” सर म्हणाले. “ठाण्याच्या जिल्हा स्पर्धेपर्यंत जाईल असं.”

हात वर करायला सांगितलं. पहिला हात मंजुळाचा होता. तो फाटलेला हात मी समोरून पाहिला. तिच्यामागे बायकांचे हात, मग पुरुषांचे. केसाने गळा कापणं म्हणतात ते असं असतं. रक्तही येत नाही.

संध्याकाळी हंसा परतली. हातात पिशवीतलं बदामाचं रोप. आईने हसत सगळं सांगितलं आणि हंसाचा चेहरा उतरत गेला.

“आये, तू हात वर केलास?”

“मंग? तूच बोललीस ना भर सभेत, धुराला भिव नका.”

“ते खोटं होतं, आये! म्हंजे खोटं नाय… चिट्ठी आली होती. जी बाजू येल ती बोलायची असते.”

मंजुळाला बराच वेळ काही कळेना. मग कळलं. “माजे हात फाटले बोललीस, ते पन चिट्ठीत होतं?”

मंजुळाने मला भिंतीवरून उतरवलं आणि मडक्यांच्या मागे ठेवलं. हळदकुंकू तसंच होतं.

चिमणी उभी राहिली. पहाटे मांडवावरच्या बोंबलांवर काळी भुकटी बसू लागली. बायका ती झटकत, पाण्याने धूत, धुतलेला बोंबील पुन्हा वाळेपर्यंत सडे. सरावलीच्या बाजारात गिऱ्हाईक बोटाने मासळी घासून बघे आणि पुढे जाई. वर बरीच जागा आहे म्हणतात, पण भुकटी खालीच पडत होती. धर्माजींनी कुणाला एक शब्द सुनावला नाही. गाव हंसाशी भांडलंही नाही. मंजुळा तिला जेवायला वाढी, केस विंचरी.

वर्ष सरल्यावर मला परत करायला हंसा एकटीच शाळेत आली. सरांनी माझ्यावरचं कुंकू रुमालाने पुसलं. तिच्याकडे न बघता म्हणाले, “या वर्षीही भाग घे. तुझ्यासारखं बोलणारं कुणी नाही. कदाचित दुसरी बाजू येईल.”

मला वाटलं, आता ही पोर त्यांना बोलून बोलून उभं चिरेल. बोलणं तिच्याएवढं कुणाला येत होतं? पण ती हळूच बोलली.

“नको सर. मी काल आईला म्हटलं, चिमणी बंद करा असा अर्ज लिहिते, तू अंगठा दे. आई म्हणाली, ‘हे तुजं हाय, का चिट्ठीतलं?’ आता मी काही बोलले तरी ती तेच विचारते.”

सर रुमाल हातात धरून उभे राहिले. हंसा निघून गेली. त्यानंतर सरांनी स्पर्धा घेतली नाही. माझ्यावर हंसाची पट्टी शेवटची.

मुलांनो, तुम्ही वाद घाला, सहलींना जा, पृथ्वी का तापते ते जरूर शिका. पण भाषण संपवून खाली उतरलात, की शेवटच्या रांगेत कोण बसलंय ते बघा आणि घरी जायच्या आधी त्या माणसाला खरं काय ते सांगा. हंसाला वाटलं होतं, आईला ते न सांगताच कळेल.